सुकाणू नसलेले तारू

बायबलच्या मराठी भाषांतरात नोहाच्या नौकेसाठी 'तारू' हा शब्द रूढ आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत मुक्तीला 'तारण' आणि मुक्तिदात्याला 'तारणारा' म्हणतात. तारू, तारण आणि तारणारा हे तिन्ही शब्द एकाच 'तृ' धातूच्या कुळातले असल्यामुळे मराठी वाचकाला या कथेचा धर्मशास्त्रीय अर्थ कथेच्या आधीच, शब्दाच्या पातळीवर, मिळून जातो. भाषांतराचे हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु अर्थ इतक्या सहजपणे हाती येतो तेव्हा मूळ संहितेतील कोणता अवघडपणा बुजवला गेला, हे तपासणे समीक्षेचे काम ठरते.

मूळ हिब्रू शब्द 'तेवाह' असा आहे. हिब्रू बायबलमध्ये तो दोनच वस्तूंसाठी येतो : नोहाची नौका आणि तान्ह्या मोशेला नदीत सोडताना वापरलेली डांबर लावलेली लव्हाळ्याची पेटी. पाण्यावर सोडून दिलेली, आतल्या जिवाच्या हाती काहीही नसलेली बंद पेटी, असा अर्थ या दोन स्थळांवरून सूचित होतो. मराठीत एकीकडे 'तारू' आणि दुसरीकडे 'पेटारा' आल्याने हा दुवा दिसेनासा होतो. अर्थात तो मराठीने प्रथम तोडला असे नव्हे. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतही या दोन वस्तूंना वेगळे शब्द आहेत; उलट नोहाची नौका आणि कराराचा कोश यांना तेथे एकच शब्द लाभला, आणि हिब्रूत नसलेले एक नवे साहचर्य ख्रिस्ती परंपरेत रुजले. भाषांतर अर्थ वाहून नेते, तसे अर्थाचे नातेसंबंधही नव्याने जुळवते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

'उत्पत्ती'च्या सहाव्या अध्यायातील बांधकामाचा तपशील पाहावा. लांबी 300 हात, रुंदी 50, उंची 30. तीन मजले, बाजूला एक दार, आतून-बाहेरून डांबर. शीड, वल्हे, सुकाणू यांचा उल्लेखही नाही. गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीतील जलप्रलयाशी या कथेचे साम्य जॉर्ज स्मिथने 1872 मध्ये जाहीर केले, तेव्हापासून दोन्ही कथांची तुलना होत आली आहे. ही तुलना सहसा पक्षी सोडणे, यज्ञ करणे अशा साम्यांवर थांबते. निवेदनाच्या दृष्टीने भेद अधिक अर्थपूर्ण आहे. उत्नपिश्तिमच्या नौकेवर नावाडी आहे आणि दार बंद करणारा मनुष्यच आहे. 'शतपथ ब्राह्मणा'तील मनूची नाव मत्स्याच्या शिंगाला बांधलेली असते. तिला ओढून नेणारा दृश्य आणि बोलका आहे. नोहाच्या तेवाहला मात्र ना नावाडी ना मत्स्य. दार तर परमेश्वर बाहेरून लावून घेतो.

हे दार लावण्याचे वाक्य संहितेतील एका सांध्यावर उभे आहे. एकाच ओवीत देवाचे नाव 'एलोहीम'वरून 'याहवे'वर जाते. 1753 मध्ये झ्याँ आस्त्र्यूकने नावांच्या अशाच भेदावरून 'उत्पत्ती'मागे वेगवेगळे मूलस्रोत असल्याची मांडणी केली. पुढे वेल्हाउझेन आणि त्याच्या अनुयायांनी ती विकसित केली. प्राण्यांची कधी एक जोडी, कधी शुद्ध प्राण्यांच्या सात. पाऊस 40 दिवस, पाण्याचा जोर 150 दिवस. या विसंगतींचा उलगडा त्या मांडणीने होतो. पण स्रोत वेगळे काढल्यावरही आपल्यासमोर असलेल्या एकत्रित संहितेचा प्रश्न उरतोच : बंद दाराच्या आत निवेदक जात का नाही? पाणी चढत असताना तारू पाण्यावर तरंगत होते एवढेच तो सांगतो. आतला अंधार, आवाज, भय यांचा एकही शब्द नाही. बाहेर बुडणाऱ्यांचीही केवळ वर्गवारी येते. एकाचेही नाव येत नाही. निवेदकाचा दृष्टिकोण ना आतल्यांचा, ना बाहेरच्यांचा.

या मौनाचे केंद्र नोहा आहे. पक्षी सोडणे आणि छत उघडून पाहणे एवढीच त्याची स्वतःची कृती; जमीन कोरडी दिसल्यावरही तो आज्ञेवाचून बाहेर पडत नाही. संपूर्ण प्रलयकथेत तो एक शब्दही बोलत नाही. त्याचे पहिले उच्चारण प्रलयानंतर येते, आणि ते कनानला दिलेल्या शापाचे आहे. सदोमसाठी देवाशी घासाघीस करणाऱ्या अब्राहामाशी त्याची तुलना यहुदी भाष्यपरंपरेने केली, ती याचसाठी. आणि हाच शाप पुढे गुलामगिरीच्या समर्थनार्थ वापरला गेला, ही वाचनाच्या इतिहासातील गोष्ट विसरता येत नाही.

ख्रिस्ती रूपकात्मक वाचनाने हे मौन भरून काढले. पेत्राच्या पहिल्या पत्रात पाण्यातून वाचलेले आठ जण बाप्तिस्म्याचे पूर्वचिन्ह ठरतात. सिप्रियनच्या लेखी तारवाबाहेर तरणोपाय नाही, तसाच चर्चबाहेरही नाही. ऑगस्टीन 'ईश्वराची नगरी' या ग्रंथाच्या पंधराव्या भागात तारवाच्या मापांत मानवी देहाची प्रमाणे पाहतो आणि बाजूच्या दारात ख्रिस्ताच्या कुशीतील जखम. हे वाचन विलक्षण सर्जक आहे. मात्र त्यात दार प्रवेशाचे चिन्ह होते. ते बंदही झाले होते, ही गोष्ट मागे पडते.

ती पुन्हा पुढे आणली कलाकृतींनी. चेस्टरच्या मध्ययुगीन नाट्यमालिकेत नोहाची पत्नी आपल्या सख्यांना सोडून तारवात यायला नकार देते. मुले तिला ओढून आत नेतात. प्रसंग विनोदी आहे, परंतु बुडणाऱ्यांना प्रथमच कुणाच्या तरी 'सख्या' म्हणून ओळख मिळते. सिस्टाइन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने तारू पार्श्वभूमीला ढकलले आणि अग्रभागी उंचवट्याकडे धडपडणारी माणसे रंगवली. ज्युलियन बार्न्सच्या 1989 च्या कादंबरीत तर तारवात चोरून शिरलेली लाकूडकिडच निवेदक होते.

हा सारा आधुनिक हळवेपणा मूळ कथेवर लादलेला आहे, असा आक्षेप घेता येईल. चेस्टरचे नाटक आधुनिक नाही, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे संहितेतच आहे. मानवी हृदयाची दुष्टता हे प्रलयाचे कारण म्हणून सांगितले जाते. आणि पुन्हा कधीही प्रलय न आणण्याच्या निश्चयापाशीही तीच दुष्टता नमूद होते. शिक्षेने काहीच बदलले नाही, याची ही संहितेने दिलेली कबुली आहे. मेघधनुष्यदेखील देवाला स्वतःला कराराची आठवण राहावी म्हणून ठेवले जाते. अस्वस्थता वाचकाने बाहेरून आणलेली नसून ती कथेच्या घडणीतच आहे.

'तारू' हा शब्द बदलावा, असे यातून सुचवायचे नाही. तारण्याचा आशय संहितेत आहेच. पण तरणाऱ्याच्या हाती सुकाणू नव्हते आणि दार त्याने लावले नव्हते, हे त्या शब्दाच्या आड दडते. ते ध्यानात ठेवून वाचले, तर तारण ही नोहाची कमाई उरत नाही, आणि बाहेर राहिलेल्यांचा प्रश्न दारासारखा सहजासहजी मिटत नाही.