कोणत्या सालची गृहिणी? : जुन्या वळणाच्या गृहिणीपणाच्या आकर्षणाची चिकित्सा

गेल्या काही वर्षांत जुन्या वळणाच्या गृहिणीपणाचे एक नवे आकर्षण सुशिक्षित मराठी तरुणींमध्ये दिसू लागले आहे. नऊवारी लुगडे, ठसठशीत कुंकू, कल्हई केलेली पितळी भांडी, पाटा-वरवंटा, चुलीवरची भाकरी अशी चित्रे मोबाईलच्या पडद्यावर कौतुकाने पाहिली जातात आणि काही जणी तसे जगण्याचा प्रयत्नही करतात. पाश्चात्त्य देशांत याच प्रवृत्तीला ‘ट्रॅडवाइफ’ असे नाव मिळाले आहे. तेथील अनुकरणाला निदान एक काळ आहे. १९५० च्या दशकातील अमेरिकन गृहिणी हा तिचा एक ठळक नमुना आहे आणि त्या गृहिणीची घुसमट बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये ‘द फेमिनिन मिस्टिक’ या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडील आदर्शाला मात्र सालही नाही आणि पत्ताही नाही. ही गृहिणी नेमकी कोणत्या काळातील व कोणाच्या घरातील, हा प्रश्न मराठी ग्रंथांच्या आधारे विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९१० हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तकही आले. पहिल्या ग्रंथात स्वयंपाकघर आहे ते पदार्थांचे. दुसऱ्यात स्वयंपाकघराभोवतीची माणसे आहेत. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाईंच्या वाचनाला, आणि पुढे इंग्रजी शिकण्याला, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचाच विरोध झाला. न्यायमूर्तींसारखा सुधारक पती पाठीशी होता, तरी त्यांचा सल्ला उलट न बोलता सोसण्याचा होता. आजच्या अनुकरणात पाककृती उचलली जाते, हे सोसणे वगळले जाते. ‘जुने घर’ म्हणजे सासू, नणंद, सोवळे-ओवळे, पंक्तीनंतरचे जेवण हे सगळे मिळूनच होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील वडिलांचे सोवळे आठवावे, म्हणजे त्या शिस्तीचा भार कोणावर पडत असे ते कळते.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) हे पुस्तक तर परंपरेचे प्रतीकच मानले जाते. माझ्या मते ते परंपरा खंडित झाल्याचा पुरावा आहे. वाटी-चमच्याचे नेमके प्रमाण कोणाला लागते? जिच्याजवळ ‘अंदाजाने घाल’ असे सांगणारी आई किंवा सासू नाही तिला. नोकरीनिमित्त शहरात आलेल्या लहान कुटुंबातील सुनेला हाताशी धरणारे हे पुस्तक पूर्णपणे आधुनिक आहे आणि त्याची थोरवीही त्यातच आहे. (स्वयंपाकाच्या पुस्तकांना वाङ्मयीन चर्चेत जागा न देणाऱ्या आपल्या समीक्षेचाही येथे दोष आहे. स्त्रियांचे हे ज्ञान आम्ही क्षुल्लक मानले, म्हणून ते आज केवळ सजावट होऊन परत आले.)

मराठवाड्यापुरते पाहायचे तर जात्याचे उदाहरण घ्यावे. पहाटे अंधारात दळताना स्त्रियांनी रचलेल्या ओव्या हे आपले मोठे धन आहे. डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी ‘मऱ्हाटी स्त्री-रचित रामकथा’ या संग्रहातून या भागातील ओवीचे सामर्थ्य दाखवले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. डॉ. तारा भवाळकर यांनी लोकसाहित्यातील स्त्रीचा स्वतंत्र स्वर उलगडून दाखवला आहे. हा स्वर दळणाच्या सुखातून आलेला नाही. गिरणी आली तेव्हा बायांनी जाते कोपऱ्यात सारले आणि आज नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत ते बहुधा लग्नाच्या हळदीपुरतेच पुजले जाते. ओवी मोलाची होती म्हणून दळणही मोलाचे होते, असा निष्कर्ष काढणे हा कष्टकरी स्त्रीवर अन्याय आहे.

याहून अडचणीचा प्रश्न बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) या आत्मकथनातून पुढे येतो. बाईने उंबऱ्याबाहेर न पडणे ही प्रतिष्ठा मानली जात होती आणि वरच्या जातींतील ही प्रतिष्ठा महार वस्तीतील ऐपतदार घरांनीही उचलली होती, हे त्यांनी आपल्या आईच्या कोंडलेल्या आयुष्यातून दाखवले. म्हणजे ‘गृहिणी’ होणे ही तेव्हाही एक नक्कलच होती. शेतात, बांधावर, ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील असंख्य स्त्रियांना केवळ गृहिणी होण्याची सवलत कधी मिळालीच नाही. मग ज्या भूतकाळाकडे परतायचे म्हणतात तो त्यांचा नव्हेच.

तांब्याच्या हंड्याचे छायाचित्र सुंदर दिसते. परंतु हंडा भरावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू झाली होती. त्या रांगांतील घागरी मुख्यतः बायांच्याच होत्या. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. अशा परिस्थितीत जुने गृहिणीपण ‘पुन्हा स्वीकारावे’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण बहुतेकींनी ते अजून सोडलेलेच नाही.

एखादीने आवडीने पाट्यावर चटणी वाटली तर समीक्षकाने नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र हात दुखला की ती मिक्सर लावू शकते, तिच्या नावावर बँकेत खाते असू शकते, आणि महाराष्ट्राच्या १९९४ च्या वारसा-दुरुस्तीमुळे हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्कही मिळाला आहे. १९१० च्या गृहिणीजवळ यांपैकी काहीच नव्हते. पदव्युत्तर वर्गात रमाबाईंच्या ‘आठवणी’ शिकवताना शेजारी ‘गृहिणी-मित्र’ उघडून ठेवावे. एकीची पाककृती वाचताना दुसरीचे घर विद्यार्थिनींच्या नजरेसमोर राहील.