अर्धी मात्रा आधी

रेडिओहेडचं ‘व्हिडिओटेप’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते पूर्ण ऐकलंच नाही. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेल, रात्रीचे दोन. रूममेटने ‘इन रेनबोज’ अख्खा लावला होता. ‘बॉडीस्नॅचर्स’ला आम्ही दोघं टेबल बडवत होतो, ‘वीअर्ड फिशेस’ला मी गप्प झालो होतो. शेवटी दहावं गाणं आलं. पियानोच्या त्याच त्या मोजक्या कॉर्ड्स, त्यावर थॉम यॉर्कचा दमलेला आवाज आणि बराच वेळ दुसरं काहीच नाही. मला वाटलं, आता गिटार येईल. आली नाही. मग अर्ध्यावर ड्रम आले, पण तेही अडखळत, फाइल करप्ट असल्यासारखे. मी म्हटलं, “एवढ्या भारी अल्बमचा शेवट असा? बॅटरी संपली का यांची?” रूममेट काही बोलला नाही. मी झोपायला गेलो.

असं वाटणारा मी एकटा नव्हतो. २००६ च्या दौऱ्यात रेडिओहेडने हे गाणं स्टेजवर वाजवलं होतं. त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या बोनारू महोत्सवातलं रेकॉर्डिंग यूट्यूबवर सापडतं. तिथे गाणं हळूहळू चढत जातं, ड्रम आणि गिटार भरून येतात, अंगावर काटा येतो. रॉक गाण्याने जे करावं अशी आपली अपेक्षा असते, ते सगळं तिथे आहे. मग ऑक्टोबर २००७ मध्ये बँडने ‘इन रेनबोज’ स्वतःच्या वेबसाइटवर टाकला, ‘वाटेल तेवढे पैसे द्या’ म्हणून. चाहत्यांनी तो उतरवून घेतला, तर शेवटच्या गाण्यातून तो सगळा चढ गायब. बरेच जण हिरमुसले.

ही काटछाट आळसातून झालेली नव्हती. या गाण्याने यॉर्कला फार छळलं होतं. तो त्यावर थर चढवत गेला होता. शेवटी निर्माता नायजेल गॉडरिच आणि जॉनी ग्रीनवुड यांनी ते सगळं सोलून काढलं आणि मागे पियानो, आवाज आणि तो विचित्र ड्रम एवढंच ठेवलं. म्हणजे मी ज्याला बॅटरी संपणं म्हणत होतो, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पण एखादा निर्णय विचारपूर्वक घेतला म्हणून तो चांगला ठरत नाही, हे कोणत्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला माहीत असतं. त्यामुळे माझं मत बदललं नाही.

ते पहिल्यांदा हललं २०१७ नंतर. त्या वर्षी व्हॉक्सने या गाण्यातल्या लपलेल्या तालावर एक व्हिडिओ केला, तो माझ्यापर्यंत आला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा. आपण गाणं ऐकायला लागतो तेव्हा समोर फक्त पियानो असतो. कान साहजिकच प्रत्येक कॉर्डला ठोका समजतो. पण खरा ठोका तिथे नाहीच. कॉर्ड ठोक्याच्या अर्धी मात्रा आधी पडते. स्टेजवर बाकीच्या वाद्यांच्या आधाराने ही गोष्ट कळते. अल्बममध्ये तो आधारच काढून घेतलाय, त्यामुळे सरकलेली गोष्ट सरळ वाटते आणि ड्रम येतात तेव्हा तेच चुकलेत असं वाटतं.

करून बघा. हेडफोन लावा, पियानोच्या प्रत्येक कॉर्डवर मांडीवर टाळी द्या. सोपं आहे. आता गाणं चालू ठेवून टाळी बरोबर अर्धी मात्रा पुढे सरकवा, म्हणजे कॉर्ड वाजून जाईल आणि टाळी नंतर पडेल. आणि तशीच ठेवा. दहा सेकंदांत कान तुम्हाला ओढून परत कॉर्डवर आणतो. मला हे नीट जमायला तीन-चार संध्याकाळी गेल्या. आपल्याकडे तबलजी मुद्दाम समेच्या अलीकडे किंवा पलीकडे येतात, त्याला अतीत-अनागत म्हणतात. पण तिथे सम कुठे आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तर चुकवण्याची मजा. इथे सम कोणी दाखवतच नाही. वाजवणारे ती मनात धरून बसलेत आणि आपण चुकीच्या जागी मान डोलावतोय.

याच अल्बमचं पहिलं गाणं, ‘फिफ्टीन स्टेप’, पाच मात्रांचं आहे. तिथली गंमत उघड आहे, पहिल्या काही सेकंदांतच कळतं की इथे काहीतरी वेगळं मोजलं जातंय. शेवटच्या गाण्यात वाकडेपणा तेवढाच आहे, फक्त तो सरळपणाच्या वेषात आलाय. पहिलं गाणं आपल्याला नाचवतं, शेवटचं आपल्याला न सांगता जमीन सरकवतं. दोन्ही टोकं अशी पाहिली की दहावं गाणं ‘उरलंसुरलं’ वाटत नाही.

त्या दिवसांत मी भेटेल त्याला हे ऐकवत होतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चमच्याने टेबलावर ठोके देऊन दाखवलेत. आज मागे पाहिलं तर कळतं, मला तेव्हा गाणं आवडत नव्हतं, मला उत्तर माहीत असणं आवडत होतं. बग सापडल्याचा आनंद होता तो. आणि बग सापडला की माणूस दुसऱ्या तिकिटाकडे वळतो. महिन्याभरात मी ‘व्हिडिओटेप’ ऐकणं बंद केलं. अशा स्पष्टीकरणांच्या व्हिडिओंबद्दल माझी हीच तक्रार आहे. ते चूक नसतात, पण गाणं म्हणजे कोडं आणि ते आता सुटलं, असं वाटायला लावतात. कोडं सुटून गाणं संपत असेल, तर ते आधीही फारसं नव्हतं म्हणायचं.

हे संपलं नव्हतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

गाण्यात काय चाललंय ते सांगतो. एक माणूस मरणाच्या दारात आहे. वर स्वर्गाचं दार, खाली त्याला ओढायला आलेला सैतान. त्याला जवळच्यांना निरोप द्यायचाय, पण समोरासमोर बोलणं जमत नाही, म्हणून तो टेपवर बोलून ठेवतोय. मध्येच पडद्याचे तीन मूळ रंग येतात. पुढे तो या माणसांना घाबरू नका म्हणतो आणि आजच्या दिवसासारखा दिवस पाहिला नाही, असं काहीसं सांगतो. रडारड नाही, हिशोब नाही.

गेल्या वर्षी आजी गेली. चार दिवसांनी फोनची मेमरी भरल्याचं नोटिफिकेशन आलं, म्हणून जुने व्हिडिओ काढायला बसलो आणि तिचा एक व्हिडिओ सापडला. चाळीसेक सेकंदांचा. मी फोटो काढतोय असं समजून ती पदर सारखा करून अगदी स्थिर उभी आहे. काही बोलत नाही. मागे कुकरची शिट्टी होते. शेवटी म्हणते, “काढलास का रे?” आणि व्हिडिओ संपतो.

त्या रात्री मी हे गाणं लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही, नाव आठवलं असेल. ठोके मोजले नाहीत. पण ती अर्धी मात्रा आता कानाला माहीत होती आणि यावेळी ती युक्ती वाटली नाही. टेपवरचा निरोप असाच तर असतो. बोलणारा आधी बोलून मोकळा होतो. ज्या क्षणासाठी तो बोलला, तो नंतर येतो आणि तेव्हा तो नसतो. पियानो ठोक्याच्या आधी पडतो आणि ठोका वाजतच नाही. तो आपल्याला आपल्या आत धरावा लागतो. बोनारूच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे मिळून तो ठोका वाजवतात, म्हणून ते ऐकताना बरं वाटतं. अल्बममध्ये तो आपल्यावर सोडलाय. मला आता गॉडरिच आणि ग्रीनवुड यांची काटछाट पटते. चढ ठेवला असता तर गाणं मरणाबद्दलचं भव्य गाणं झालं असतं. आता ते एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाचं आहे.

शेवटाला ड्रम एकटाच फडफडत राहतो. पूर्वी मला ती करप्ट फाइल वाटायची. आता टेप संपून रीळ नुसतं फिरत असल्यासारखं वाटतं, जे बंद करायला खोलीत कोणी उरलेलं नाही. दोन्ही वेळा आवाज तोच होता.

यातून ‘कोणतंही गाणं दहा वेळा ऐका, आवडेल’ असा सल्ला मला द्यायचा नाही. अनेक गाणी मी वीस वेळा ऐकलीत आणि ती वीस वेळा कंटाळवाणीच निघाली. ‘व्हिडिओटेप’ हळूहळू आवडण्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. ते पहिल्या ऐकण्यात स्वतःला विकायला तयार नाही, त्यासाठी लागणारी एकुलती एक गोष्ट त्यातून मुद्दाम काढून घेतलीय. तीस सेकंदांत पुढचं गाणं लावणाऱ्या माझ्यासारख्यांना ते अर्थातच बेचव लागणार.

त्या जुन्या रूममेटला परवा मेसेज केला, की तुझं म्हणणं बरोबर होतं. त्याचं उत्तर आलं, “मी कुठे काय म्हणालो होतो?”

खरंच, तो गप्पच होता.

आजीचा व्हिडिओ मी अजून दुसरीकडे हलवलेला नाही. मेमरी भरल्याचं नोटिफिकेशन येतं, मी ते बाजूला सारतो.