शिडी आणि शिदोरी

मानवाच्या आरंभीच्या इतिहासाची मांडणी आपल्याकडे शाळेपासून एकाच पद्धतीने होते. आधी शिकार आणि कंदमुळे, मग पशुपालन, मग शेती, मग नगर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून वरची. गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ साली आपल्या ग्रंथात शेतीच्या आरंभाला क्रांतीचा दर्जा दिला आणि पाठ्यपुस्तकांत ही शिडी पक्की रोवली गेली. अलीकडे नेमकी विरुद्ध मांडणी लोकप्रिय आहे. जॅरेड डायमंड यांनी १९८७ साली एका लेखात शेतीला मानवजातीची सर्वांत मोठी चूक ठरवले. युव्हाल नोआ हरारी यांच्या 'सेपियन्स'ने ती बाजू मराठी घरांतही पोचवली. आता शिकारी सुखी आणि शेतकरी फसलेला, असे बोलण्याची रीत पडली आहे.

माझा आक्षेप दोन्ही मांडण्यांवर आहे, कारण दोन्हींत शिडी तीच आहे. एक जण वर चढल्याचा आनंद मानतो, दुसरा खाली पडल्याचे दुःख. मी विद्यापीठातला पुरातत्त्वज्ञ नाही. वर्धा जिल्ह्यात राहून उत्खननांचे अहवाल मिळतील तसे वाचत आलो आहे. त्या वाचनातून दिसलेला महाराष्ट्र या शिडीवर कुठल्याच बाजूने नीट बसत नाही.

आपल्याकडचा सर्वांत भरघोस पुरावा वर्ध्यापासून दूर, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यामागची मोठी नावे. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तेथे उलगडली. चौकोनी घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट, जव हे मुख्य पीक, जोडीला मसूर, कुळीथ आणि इतर कडधान्ये. शिडीवाल्यांना हवे ते सारे येथे आहे. पण त्याच थरांत हरणांची हाडे, माशांचे अवशेष आणि बोराच्या बियाही आहेत. शेती आल्यावर शिकार संपली नाही, रानही सुटले नाही.

इ. स. पूर्व १०००च्या सुमारास चित्र पालटते. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या वाढतात, जव घटतो, शेळ्यामेंढ्यांचा आणि शिकारीचा वाटा वाढतो. पावसाने दगा दिला आणि स्थिर शेतकरी अर्धभटके पशुपालक झाले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. कारण एकट्या हवामानाचे की थकलेल्या जमिनीचेही, हा वाद वेगळा. मला खटकते ते या काळाला ऱ्हास म्हणणे. उतरती कळा म्हणून जो काळ सांगितला जातो, तो तीनशे वर्षांचा आहे. शिवकाळापासून आजपर्यंत जेवढी वर्षे झाली, जवळपास तेवढी माणसे त्या गोल झोपड्यांत राहिली. पाटाचे पाणी आटल्यावर त्यांच्या हाती काही उरले होते, कारण शेळीमागे चालायची आणि हरणाचा माग काढायची विद्या त्यांच्या आजोबांनी टाकून दिली नव्हती. ती त्यांची शिदोरी होती.

या वाक्याने कोणी भारावून जाऊ नये, म्हणून दुसरी बाजू लगेच मांडतो. इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत मुलांची फार. घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत मूल ठेवलेले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या बालकांच्या हाडांवर केलेला अभ्यास २०११ साली पुस्तकरूपाने आला. उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटत होती, असे ती हाडे सांगतात. म्हणजे रानाकडे वळणे हा सुखाचा मार्ग नव्हता. शिदोरीने माणसे तगली, पोटभर जेवली असे नाही. शिकाऱ्याचे सुवर्णयुग रंगवणाऱ्यांनी हे रांजण डोळ्यांआड करू नयेत.

आता आपल्या भागाकडे येऊ. विदर्भातली शिळावर्तुळे इनामगावच्या अखेरच्या शतकांना समकालीन आहेत आणि त्यांच्या पुढेही चालू राहतात. शां. भा. देव यांनी १९६८ साली बुटीबोरीजवळ टाकळघाट-खापा येथे आणि नंतर माहुरझरीला खोदकाम केले. लोखंडी हत्यारे मिळाली, घोड्यांची दफने मिळाली. थडगी पुष्कळ आणि वस्त्या थोड्या, म्हणून हे लोक भटके पशुपालक असावेत, असे मत लेश्निक यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. मग नायकुंड आणि भागीमोहारी येथील वस्त्यांतून धान्य मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीही निघाली. मग ते शेतकरी होते की भटके? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. एकाच कुळातला एक भाऊ गुरांमागे, दुसरा भट्टीपाशी, तिसरा शेतात, यात अवघड काय आहे? आपल्याच गावांत हे कालपर्यंत होते.

धान्याच्या टोपलीकडे पाहिले तरी हेच दिसते. जव आणि गहू पश्चिम आशियातून आले, ज्वारी आफ्रिकेतून. मूग आणि कुळीथ इथल्याच मातीतले. रब्बी बाहेरची, खरीप घरची, आणि दोन्हींच्या मधल्या रिकाम्या महिन्यांना रान. ही क्रांती नव्हती. हजारो वर्षे हळूहळू भरलेली टोपली होती.

ती रिकामी कशी होते, याचे उदाहरण वर्धा जिल्हाच देतो. नागपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा १८६२ साली झाला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि मँचेस्टरला कापूस हवा होता. हिंगणघाटचा कापूस तेव्हा विलायतेत नावाजलेला होता. शेजारच्या वऱ्हाडात कापूस आणि दुष्काळ हातात हात घालून कसे आले, ते लक्ष्मण सत्या यांनी १९९७च्या ग्रंथात दाखवले आहे. आज आमच्याकडे नजर पोचेल तिथवर कपाशी आणि सोयाबीन. तुरीचा तास अजून दिसतो, जवारी मात्र शोधावी लागते. तरोट्याची भाजी पहिल्या पावसात फुकट उगवते, पण ती ओळखणारी पिढी म्हातारी झाली. बाजारभाव कोसळला की या शेतकऱ्याला वळायला वाट नाही. इनामगावच्या माणसाला निदान एक होती.

शिडीचे नुकसान केवळ पुस्तकी नाही. १८७१ साली झालेल्या आणि पुढे विस्तारत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे हीच समजूत होती, की जो स्थिर नाही तो मागासलेला आणि जो मागासलेला तो चोर. तो कायदा १९५२ साली गेला. फासेपारध्याकडे पाहणारी नजर गेली नाही. ज्याच्या नावातच फासा आहे, त्या माणसाची रानातली विद्या आपण खालच्या पायरीची मानली. आज रोही आणि रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात आणि शेतकरी रात्रभर जागल करतो. शिकारीवरची बंदी योग्यच आहे. पण जनावराचा माग ज्याला कळतो, त्याला गावाच्या सल्लामसलतीत जागा देण्यास कोणता कायदा आड येतो?

म्हणून प्राचीन समाजांवर लिहिणाऱ्या मराठी लेखकांकडे माझी एक मागणी आहे. एखादा समाज किती वर चढला हे मोजण्याआधी, त्याच्यापाशी जगण्याचे किती मार्ग होते ते मोजा. पाऊस चुकला तर तो काय खाणार होता, ते विचारा. या कसोटीवर कोठारे बांधणारा इनामगावचा माणूस आणि गोल झोपडीतला त्याचा वंशज एकाच रांगेत बसतात. आपण कुठे बसतो, ते कपाशीच्या भावावर ठरते.