पाठ थोपटण्यापलीकडे

पदार्पणाचा पुरस्कार म्हटला की होतकरूची पाठ थोपटल्यासारखे वाटते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिस महोत्सवात पहिल्या चित्रपटाचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ मिळाला, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. पण या चित्रपटाला वयाची सवलत नको.

लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरचा खटला मराठी, हिंदी, इंग्रजीतून रखडत जातो. कॅमेरा दूर, स्थिर. कुणाची बाजू घेत नाही. दिवसभर कलमे वाचणाऱ्या सरकारी वकीलबाई सुटीच्या दिवशी सहकुटुंब नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची टर उडते आणि प्रेक्षागृह खळखळून हसते. त्या हसण्यात क्रूर कुणीच नाही; सगळी आपल्यासारखी साधी माणसे, हीच या प्रसंगाची धार. दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्याला ते हसू घशात अडकते. पिढ्या इथल्या मातीत गेल्या, तरी ‘बाहेरचे’ हा शब्द आपणही ऐकलेला असतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, दुसऱ्यासाठी वापरलेलाही असतो.

न्यायाधीशांच्या सहलीचा शेवट मात्र किंचित जास्त बोलका वाटतो. तरीही आपल्याच भाषेतल्या हसण्याकडे इतक्या अलिप्तपणे पाहणे पहिल्याच चित्रपटात साधले आहे. पुरस्काराच्या नावात भविष्य असले, तरी तो मिळाला आहे तो पुऱ्या झालेल्या कामाला.