हातचा न घेणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. किंमत विचाराल तर साधारण १२३ कोटींची कोटीपट. पण हिच्याकडे पाहताना किंमत कोण मोजतं? डोळा नऊपर्यंत चढतो आणि उतरतो. हजार-लाखांचे स्वल्पविराम दिले, १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१, की तिचा तोल जातो. तेव्हा ती बिनविरामाचीच लिहावी.

दोन्हीकडून सारख्या वाचता येणाऱ्या संख्या पैशाला पासरी मिळतात. हिची खुबी पुढे आहे. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरतात १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. दोन टोकं मिळवली की मधलाच अंक ओळीने उभा राहतो. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. नाव घेतलं ते तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनवरून. जग त्यांना ६१७४ या संख्येमुळे ओळखतं. मला मात्र त्यांचे डेम्लो अधिक आवडतात, कारण इथे चमत्काराचं कारण उघड्यावर दिसतं.

नऊ एक शेजारी मांडा, १११११११११, आणि वर्ग करा. पाटीवर नऊ ओळी पडतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन. मध्यावर नऊच्या नऊ ओळी एकावर एक येतात आणि पुढे उतार लागतो. कुठेही हातचा नाही. म्हणून गुणाकाराची मांडणीच उत्तरात जशीच्या तशी उरते. आता दहावा एक जोडा. मध्यावर दहा होतात, हातचा डावीकडच्या नवावर जातो, तिथेही दहा, पुढचा हातचा आठावर. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला!

गणितज्ञ जी. एच. हार्डींनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त ८७१२ आणि ९८०१ यांच्या अंकचमत्कृतींना कोड्यांच्या सदरात बसवलं. गणितज्ञाला त्यांत रस घेण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत. आक्षेप निम्मा खरा आहे. हे देखणेपण दशमान लेखनाचं आहे. अष्टमान पद्धतीत सात एकांनंतरच हातचा आडवा येतो. पण ओळींचं ते सरकणं कुठल्याही पद्धतीत तेच, आणि हार्डींच्या तराजूत त्याला थोडं वजन मिळायला हरकत नव्हती.

आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचाच वर्ग, आणि ८१ ने हिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. इथेही आठ नाही! १ ला ८१ ने भागून पाहा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… तिथेही आठच गळालेला, आणि त्याला घालवणारा हातचाही तोच, दहाचा.