साहसपटावर आधारित थरारप्रयोगातील वेशभूषेची अचूकता

फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात 1989 मध्ये सुरू झालेल्या 'इंडियाना जोन्स एपिक स्टंट स्पेक्टॅक्युलर' या प्रयोगातील नायकाचा पोशाख 1981 च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटाबरहुकूम असावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. डेबोरा नाडूलमन यांनी योजलेली फेल्ट हॅट व चामडी जाकीट इतकी परिचित आहेत की, शेवटच्या रांगेतूनही नायक ओळखू येतो. साहसकलाकाराला या पोशाखात उंचावरून पडावयाचे असते. आत संरक्षक गाद्यांना जागा ठेवली की बेतात फरक पडणारच. ही तडजोड क्षम्य मानावी लागेल.

खरा प्रश्न कैरोच्या बाजाराचा आहे. या प्रवेशात प्रेक्षकांतून निवडलेल्या हौशी मंडळींना झगे व फेटे दिले जात. चित्रपटाशी ते जुळतात. परंतु चित्रपटातील कैरोच मुळात ट्युनिशियातील कैरुआन येथे चित्रित झाले होते. कथानकाच्या काळात, म्हणजे 1936 मध्ये, कैरोच्या रस्त्यांवर सूट व तारबूश घालणारा सुशिक्षित वर्ग ठळकपणे वावरत होता. चित्रपटात निदान सल्लाहच्या डोक्यावर तारबूश आहे. पण झग्या-फेट्यांच्या गर्दीत हा वर्ग हरवतो. चित्रपटाशी इमान राखताना प्रयोगाने ही उणीवही उचलली आहे. चाहत्यांची चिकित्सा मात्र हॅटच्या कडेच्या रुंदीपुढे सरकत नाही.