अनिच्छेचा विवाह आणि रहस्याची योजना : जॉर्जेट हेयर यांच्या तीन कादंबऱ्या

ऐतिहासिक प्रणयकादंबरीचा शेवट सामान्यतः विवाहाने होतो. या प्रकाराची एक शाखा मात्र विवाहाच्या वा वाङ्निश्चयाच्या प्रसंगापासूनच आरंभ करते. तो विवाह दोघांपैकी निदान एकाला नको असतो, आणि त्याच्या जोडीला खून, हरवलेली वस्तू किंवा चोरलेले कागद यांचे रहस्य गुंफलेले असते. ही जोड केवळ वाचकाची उत्कंठा टिकविण्यासाठी केली जाते, असे मानण्याकडे समीक्षकांचा कल दिसतो. इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) यांच्या तीन कादंबऱ्या एकत्र वाचल्या असता हे मत अपुरे वाटू लागते. त्यांतील रहस्य हे अनिच्छेच्या विवाहाने उभ्या केलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर होय. परंतु ते उत्तर काही अंशी पळवाटेचेही आहे.

हा प्रश्न मुळात कायद्याचा आहे. इंग्लंडमध्ये १७५३ साली संमत झालेल्या, लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विवाहकायद्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने विवाह करावयाचा असल्यास पालकांची संमती आवश्यक ठरली. विवाहानंतर पत्नीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई व तिची जंगम मालमत्ता त्याच्याकडे जाई. या स्थितीत मूलगामी बदल झाला तो १८८२ च्या कायद्याने. हेयर यांनी विशेष आवडीने रंगविलेला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्याचा आरंभ हा काळ या दोन कायद्यांच्या मधला आहे. अशा समाजात स्त्रीने एकदा होकार दिला की तिच्या इच्छेला पुढे फारसा वाव उरत नाही. मग कादंबरीने तिच्या इच्छेची कथा सांगावी कशी?

‘द टॅलिस्मन रिंग’ (१९३६) या कादंबरीत याचे पहिले उत्तर मिळते. काळ १७९३ चा, स्थळ ससेक्स परगणा. मरणासन्न सिल्व्हेस्टर आपल्या फ्रान्समधून आलेल्या नातीचा, यूस्टेसीचा, विवाह सर ट्रिस्ट्रम शील्ड याच्याशी ठरवितो. ट्रिस्ट्रम कर्तव्यबुद्धीने मान्यता देतो. यूस्टेसीला तो अगदीच रुक्ष वाटतो. घराण्याचा खरा वारस लुडोव्हिक हा खुनाच्या आरोपामुळे परागंदा झाला असून चोरट्या व्यापाऱ्यांत वावरतो आहे. खुनाच्या वेळी नाहीशी झालेली अंगठी ज्याच्याजवळ सापडेल तोच खुनी, हे रहस्याचे सूत्र. यूस्टेसी घरातून पळून जाते, तिची लुडोव्हिकशी गाठ पडते, आणि तिच्या बाजूने उभी राहते सारा थेन ही प्रौढ, विनोदी स्त्री. येथून पुढे दोन्ही स्त्रिया शोधात प्रत्यक्ष भाग घेतात. ज्या समाजात विवाहाबाबत त्यांचे मत निर्णायक नव्हते, त्याच समाजात पुराव्याबाबत ते निर्णायक होऊ लागते. एकत्र शोध घेताना माणसे परस्परांना पारखतात. म्हणूनच वडीलधाऱ्याने जुळविलेली जोडी मोडून दोन नव्या जोड्या जुळतात, तेव्हा तो बदल योगायोगाचा वाटत नाही. रहस्याने पात्रांना निवडीचा अवधी आणि निवडीचा निकष अशा दोन्ही गोष्टी पुरविलेल्या असतात.

‘द रिलक्टंट विडो’ (१९४६) मध्ये ही योजना अधिक धाडसी होते. दिवाळे निघालेल्या पित्याची मुलगी एलिनॉर रॉशडेल ही गव्हर्नेसच्या नोकरीवर जात असता चुकून भलत्याच गाडीत बसते आणि लॉर्ड कार्लियॉन याच्या आग्रहामुळे त्याच्या मरणोन्मुख, दुर्व्यसनी नातलगाशी विवाहबद्ध होते. ती लगेच विधवा होते. या प्रसंगातील उपरोध कायद्यातूनच आलेला आहे: पत्नी म्हणून गमावलेले कायदेशीर अस्तित्व विधवा म्हणून तिला परत मिळते. नको असलेला विवाह नको असलेले स्वातंत्र्य देतो. परंतु येथे रहस्य नायिकेच्या मदतीला येत नाही. पतीच्या घरातील गुप्त जिना, नेपोलियनविरुद्धच्या युद्धासंबंधी चोरलेला कागद, अपरात्री येणारे आगंतुक या साऱ्यांत ती सापडते. शोधाची सूत्रे मात्र प्रामुख्याने कार्लियॉनच्या हाती राहतात. तिच्या तक्रारी खुसखुशीत आहेत, पण त्या तक्रारीच राहतात. त्यामुळे अखेरीस तिने कार्लियॉनला दिलेला होकार पूर्वीच्या होकाराहून गुणतः कितपत निराळा, अशी शंका वाचकाच्या मनात रेंगाळते. संविधानकाची सफाई या कादंबरीत अधिक असूनही तिचा परिणाम उणा पडतो, याचे कारण हेच.

या दोन्हींची कसोटी ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ (१९६१) या कादंबरीत लागते. येथे अनिच्छेचा विवाह आहे, रहस्य मात्र नाही. पित्याच्या कर्जाने गांजलेला ॲडम डेव्हरिल हा ज्यूलियावर प्रेम असतानाही धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. वॉटर्लूच्या लढाईच्या (१८१५) सुमारास धोका पत्करून केलेल्या रोख्यांच्या खरेदीने तो श्रीमंत होतो, तरी त्याच्या मनाची गाठ त्या पैशाने सुटत नाही. खलपुरुष नाही, उलगडावयाचे कोडे नाही. जेवणखाण, शेतीवाडी, सासऱ्याचे अतिउत्साही औदार्य आणि जेनीची न बोलता सोसण्याची वृत्ती एवढेच उरते. शेवटी जे लाभते त्याला उत्कट प्रेम म्हणता येत नाही. ते सहवासातून आलेले समाधान आहे. प्रणयकथेच्या अपेक्षेने आलेला वाचक येथे अस्वस्थ होतो, आणि ही अस्वस्थता हेच या कादंबरीचे यश होय.

रहस्य काढून घेतल्यावर काय उरते, हे हेयर यांनी स्वतःच अशा रीतीने दाखवून दिले आहे. १९३२ पासून त्या गुप्तहेरकथाही लिहीत होत्या; त्यांचे पती रोनाल्ड रूजियर हे बॅरिस्टर होते. पुरावा आणि संशय यांचे तंत्र त्यांना सहजसाध्य होते, म्हणूनच त्याचा त्याग लक्षणीय ठरतो. रहस्यकथेतील दोष एका खलपुरुषाच्या माथी मारता येतो. तो पकडला की जग पूर्ववत् होते. अनिच्छेच्या विवाहातील दोष कोणा एकाचा नसतो, तो व्यवहाराचा व कायद्याचा असतो, आणि त्याला पकडता येत नाही. म्हणून या प्रकारातील कादंबरीचे मूल्यमापन करताना रहस्य किती कुशलतेने गुंफले आहे एवढेच पाहून भागत नाही. त्या रहस्याने नायिकेच्या हाती काही दिले, की तिच्याकडे पाहण्याचेच टाळले, हा प्रश्न अगोदर विचारावा लागतो.